श्रीलंकेला वळसा का, आणि कोकणातून रॉकेट का नाही?

सिन्नरहून रोज नाशिकला इंजिनिअरिंगला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "रॉकेट दुसऱ्या देशावरून जातं तेव्हा त्या देशाची परवानगी लागते का? लागत नसेल तर आपलं पीएसएलव्ही श्रीलंकेला वळसा घालून का जातं? कोकणाला एवढा मोठा समुद्र आहे, मग तिथून रॉकेट का सोडत नाहीत? आणि २०२२ मध्ये चंद्रपूरला पडली तशी रॉकेटची रिंग उद्या आमच्या शेतात पडली, तर भरपाई कोण देणार?"

मी नोकरीची बहुतेक वर्षं पूर्व किनाऱ्यावर याच हिशेबात घालवली. आता नाशिकला असते, त्यामुळे हे प्रश्न समोरासमोर येतात आणि बरं वाटतं. शेताच्या प्रश्नाकडे यायला थोडा वेळ लागेल. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे, कारण बाकीची उत्तरं तिच्यावरच उभी आहेत.

रॉकेट आत्ता कुठे आहे, याच्याशी रेंज सेफ्टीवाल्याला, म्हणजे उड्डाणात खालच्या माणसांची सुरक्षितता सांभाळणाऱ्याला, फारसं देणंघेणं नसतं. याच क्षणी इंजिन बंद पडलं तर ते जमिनीवर कुठे येऊन आदळेल, एवढंच त्याला हवं असतं. त्या जागेला आम्ही आयआयपी (इन्स्टन्टेनियस इम्पॅक्ट पॉइंट) म्हणायचो. कंट्रोल रूममध्ये सेफ्टीच्या पडद्यावर ज्वाळा-बिळा काही दिसत नाहीत. दिसतो तो किनाऱ्याचा नकाशा, त्यावर ठरलेल्या मार्गाची एक रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना मर्यादेच्या रेषा आणि मधून सरकणारा एक ठिपका. तो ठिपका म्हणजे आयआयपी. रडार आणि टेलिमेट्रीवरून, म्हणजे रॉकेटने स्वतः पाठवलेल्या आकड्यांवरून, तो सतत नव्याने मोजला जातो, आणि रडार एक म्हणतंय नि टेलिमेट्री दुसरंच, असं झालं तर विश्वास कशावर ठेवायचा हेही आधीच लिहून ठेवलेलं असतं. ऐन वेळी चर्चा करायला सवड नसते.

रॉकेट उचललं जातं तेव्हा ठिपका लाँचपॅडवरच असतो. पहिल्या मिनिटात तो रांगत समुद्रात शिरतो. रॉकेट तोवर चांगलं उंच गेलेलं असतं, पण ठिपका अजून किनाऱ्याजवळच घुटमळतो. हा काळ सगळ्यात वाईट. टाक्या भरलेल्या, वस्ती जवळ, आणि निर्णयाला सेकंद मोजके. पुढे वेग वाढतो तसा ठिपका पळायला लागतो, आणि कक्षेत शिरण्याच्या थोडं आधी तो सेकंदाला पन्नास-शंभर किलोमीटर असा सुसाट सुटतो. मग एका क्षणी नकाशावरून नाहीसाच होतो, कारण आता इंजिन बंद पडलं तरी रॉकेट खाली येणार नसतं. कक्षा मिळाली याचा अर्थच तो.

ठिपका मर्यादेच्या रेषेकडे वळला की डिस्ट्रक्ट कमांड द्यायची. लोकांना वाटतं की रॉकेटच्या ठिकऱ्या उडवून ते हवेत नाहीसं करतात. नाहीसं काहीच होत नाही. घन इंधनाच्या मोटरचं कवच उभं चिरायचं, द्रव इंधनाच्या टाक्या फोडायच्या आणि धक्का देणारी शक्ती बंद पाडायची, एवढंच ते काम. तुकडे पडतातच, पण आपण मान्य केलेल्या भागात पडतात. वारा ते तुकडे थोडे इकडेतिकडे नेणार, म्हणून मर्यादेची रेषा किनाऱ्यावर न काढता बरीच अलीकडे, समुद्रात काढतात. २५ डिसेंबर २०१० ला जीएसएलव्ही-एफ०६ चं हेच झालं. उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत जोडण्या निसटल्या, स्ट्रॅप-ऑनना, म्हणजे बाजूला बांधलेल्या मोटरींना, नियंत्रणाचे आदेश पोहोचेनात, रॉकेट आडवं व्हायला लागलं आणि जमिनीवरून कमांड गेली. अवशेष बंगालच्या उपसागरात पडले. टीव्हीवर अपयश म्हणून दाखवलं. उपग्रहाच्या बाजूने ते अपयश होतंच, पण सेफ्टीची यंत्रणा त्या दिवशी जशी चालायला हवी तशीच चालली होती.

उलट उदाहरणही सांगते. २५ जानेवारी २०१८ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून निघालेलं युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्या सेकंदापासून चुकीच्या दिशेने गेलं. यंत्र एकही बिघडलं नव्हतं. त्या मोहिमेला दिशेचा आकडा ७० अंश भरायचा होता, भरला गेला नेहमीचा ९०. रॉकेट कुरू गावाच्या नको इतकं जवळून गेलं, खालच्या ट्रॅकिंग स्टेशनला ते अपेक्षेच्या जागी सापडलंच नाही, आणि गंमत म्हणजे उपग्रह कक्षेत पोहोचले. कक्षा चुकीची होती, पण पोहोचले. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट फार बोलली गेली. उपग्रह वाचले म्हणून सगळं ठीक झालं, असं मानणारा माणूस या कामाला ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नाशिकजवळच्या देवळालीच्या फायरिंग रेंजच्या आसपासच्या गावांना हा विचार समजावून सांगावा लागत नाही. तोफ कुठे उभी आहे यापेक्षा गोळा कुठवर जाऊ शकतो हे महत्त्वाचं, म्हणून सरावाच्या दिवशी गुरं कुठे न्यायची नाहीत हे तिथल्या म्हाताऱ्या माणसालाही ठाऊक असतं. फरक इतकाच की आमच्या रेंजचं दुसरं टोक परदेशात किंवा भर महासागरात असतं, आणि तिथल्या लोकांनी सराव मागितलेला नसतो.

आता श्रीलंका. ध्रुवीय कक्षेत, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, जायचं तर रॉकेट जवळजवळ सरळ दक्षिणेला सोडायला हवं. नकाशा उघड आणि श्रीहरिकोटावर पट्टी ठेवून सरळ खाली रेघ ओढ. ती जाफन्याच्या बाजूने श्रीलंकेत घुसते. तिथे ठिपका अजून पळायला लागलेला नसतो, म्हणजे तो लोकवस्तीवर बराच वेळ रेंगाळेल. खाली माणसं किती आहेत हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ठिपका त्यांच्यावर किती वेळ थांबतो हेही महत्त्वाचं. दाट वस्तीवरून अर्ध्या सेकंदात निघून जाणारा ठिपका चालतो, विरळ वस्तीवर वीस सेकंद बसून राहणारा चालत नाही. अमेरिकेच्या नियमात हेच आकड्यांत बांधलं आहे. एका उड्डाणामुळे सगळ्या जनतेला मिळून असलेला धोका दहा हजारांत एक मृत्यू किंवा गंभीर इजा यापेक्षा जास्त नको, आणि कोणत्याही एका माणसाला असलेला धोका दहा लाखांत एकपेक्षा जास्त नको.

म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला, साधारण १४० अंशांच्या दिशेने निघतं. श्रीलंका उजव्या हाताला मागे पडली की हवेतच दक्षिणेकडे वळतं. याला डॉगलेग म्हणतात. हे वळण फुकट मिळत नाही. सेकंदाला २ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूची दिशा ३० अंशांनी बदलायची, तर सेकंदाला जवळपास १ किलोमीटर वेग मिळवायला लागेल तेवढं इंधन फक्त वळण्यात जातं. वर्गात करून बघ, दोन वेगांच्या सदिशांची वजाबाकी आहे, पाच मिनिटांत येईल. कक्षेसाठी एकूण साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, त्यातला असा वाटा गमावणं किती महाग पडतं ते तुझं तुलाच दिसेल. पीएसएलव्ही मोठं आहे, ते सोसतं. एसएसएलव्हीसारख्या छोट्या रॉकेटला ते सोसवत नाही. त्यासाठीच तमिळनाडूत तुतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिणमला दुसरा तळ होतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथून दक्षिणेला रेघ ओढ. श्रीलंका डावीकडे राहते, मालदीव उजवीकडे लांब, आणि मग थेट अंटार्क्टिका. भूगोलाने दिलेली खिडकी आहे ती.

कोकणाचा प्रश्न मला दर व्याख्यानात कोणी ना कोणी विचारतंच, आणि त्यात थोडा अभिमानही असतो. उत्तर निराश करणारं आहे. रत्नागिरीहून तू तीन दिशांना रॉकेट सोडू शकतोस. पूर्वेला सोडलंस तर पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो, पण पहिले टप्पे, म्हणजे इंधन संपल्यावर गळून पडणारे रॉकेटचे भाग, आपल्याच देशावर पडतील. सांगली-सोलापूरकर ते ऐकून घेणार नाहीत. दक्षिणेला सोडलंस तर लक्षद्वीप आडवं येतं आणि पुढे मालदीवही फार दूर राहत नाही. पश्चिमेला समुद्र मोकळा दिसतो, पण तिथे पृथ्वी उलट फिरते. श्रीहरिकोटाच्या अक्षांशावर जमीनच पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने चालली आहे. पूर्वेला जाताना ते ४५० आपल्या खिशात पडतात आणि पश्चिमेला जाताना आपल्या खिशातून जातात, म्हणजे फरक दुप्पट. शिवाय अरबी समुद्र संपला की ओमान आणि आफ्रिका आहेतच.

पश्चिमेला रॉकेट सोडणारा देश जगात आहे, तो इस्रायल. सप्टेंबर १९८८ मध्ये ऑफेक-१ हा उपग्रह सोडला तेव्हापासून ते भूमध्य समुद्रावरून उलट्या दिशेने जातात. पूर्वेला त्यांचे अरब शेजारी आहेत. तिकडे काही पडलं तर ते रॉकेट की क्षेपणास्त्र, असं विचारायला कोणी थांबणार नाही, आणि उपग्रहाचे तुकडे त्यांच्या हाती लागलेलेही इस्रायलला परवडणार नाहीत. म्हणून ते प्रत्येक उड्डाणात वजनाचा दंड भरतात. जानेवारी २००८ मध्ये त्यांचा टेकसार हा उपग्रह आपल्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोटाहून नेला. तो त्यांच्या तळावरून सहज न मिळणाऱ्या कक्षेत गेला.

आता परवानगीकडे येऊ. तुझ्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग हाच आहे आणि याचं उत्तर विमान आणि रॉकेट यांना सारखं लागू होत नाही. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या हवाई हद्दीवर पूर्ण हक्क दिला. नाशिकच्या ओझर विमानतळावरून उडालेलं विमान विचारल्याशिवाय कोणाच्या हद्दीत घुसू शकत नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने सांगितलं की अवकाश कोणाच्याच मालकीचं नाही. पण हवा कुठे संपते आणि अवकाश कुठे सुरू होतं, हे दोन्ही करारांत लिहिलेलं नाही. १०० किलोमीटरची कारमान रेषा सोयीसाठी वापरतात, तिच्यावर सगळ्या देशांची सही नाही. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक सगळ्या जगावरून फिरला आणि कोणत्याही देशाने हद्द ओलांडली म्हणून निषेध नोंदवला नाही. अमेरिकेला तर ते मनातून हवंच होतं, कारण उद्या त्यांचे टेहळणी उपग्रह रशियावरून जाणार होते. त्या गप्प बसण्यातून प्रथा पडली आणि प्रथेतून कायदा.

मग रॉकेट? श्रीलंकेवरून ते जाईल तेव्हा अवकाशात असेल, म्हणजे कागदोपत्री अडचण नाही. तरी आपण वळसा घालतो. इथे कायदा आपल्याला थांबवत नाही. थांबवतो तो ठिपका, आणि ठिपक्याच्या खालचा शेजारी. मी हे काम करताना शिकले ते असं की परवानगी सहसा कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. शेजाऱ्याने काही न बोलणं हीच परवानगी असते, आणि त्याला बोलायची वेळ येऊ न देणं हा सेफ्टीच्या कामाचा अर्धा भाग.

ही चुप्पी कशी मिळवली जाते ते जवळून बघण्यासारखं आहे. उड्डाणाच्या आधी नोटॅम निघतो, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना. त्यात गोष्टी मोजक्याच: बंद ठेवायच्या भागाच्या चार-सहा कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, तारखा, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतली वेळ, आणि उंची समुद्रसपाटीपासून अमर्याद. पावसामुळे उड्डाण पुढे ढकललं तर म्हणून राखीव दिवसही असतात. जहाजांसाठी वेगळा इशारा जातो. आपल्या किनाऱ्याजवळचा चौकोन चेन्नईच्या हवाई क्षेत्रात येतो, तो आपला आपण जाहीर करू शकतो. पण दुसरा-तिसरा टप्पा पडायचा चौकोन खाली हिंदी महासागरात असतो. समुद्र आंतरराष्ट्रीय असला तरी त्यावरची विमानवाहतूक सांभाळतात कोलंबो, माले, जकार्ता किंवा मेलबर्न. त्यांना विनंती करायची आणि त्यांनी आपल्या नावाने नोटॅम काढायचा. कोणी परराष्ट्रमंत्री सही करत नाही, दोन विमानतळांवरचे अधिकारी एकमेकांशी बोलतात. ते ज्या दिवशी नाही म्हणतील त्या दिवशी खरं राजकारण सुरू होईल. म्हणूनच आम्ही चौकोन कधी गरजेपेक्षा मोठा मागत नसू. मोठा चौकोन म्हणजे कोणाचं तरी सिंगापूरचं विमान लांबून जाणार आणि कोणाची तरी मासेमारी बुडणार. जपानच्या तानेगाशिमा तळावर तर कित्येक वर्षं मच्छीमार संघटनांशी केलेल्या करारामुळे वर्षातले ठरावीक दिवसच रॉकेट सोडता येत होती. ही बंधनं २०११ मध्ये उठली. परदेश सोड, आपल्याच देशातले कोळी रॉकेट थांबवू शकतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

जिथे शेजाऱ्याशी वैर आहे तिथे हीच गोष्ट भलतं वळण घेते. ३१ ऑगस्ट १९९८ ला उत्तर कोरियाचं रॉकेट आधी काही न सांगता जपानवरून गेलं. उत्तर कोरिया म्हणाला उपग्रह, जपान म्हणाला क्षेपणास्त्र. पहिल्या काही मिनिटांत दोन्हींचा मार्ग इतका सारखा असतो की रडारवर बसलेल्या माणसाला वेगळं काढता येत नाही. सांगून केलं तरी पुरतं असं नाही. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेने आन्दोयाहून उत्तरध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी संशोधन-रॉकेट सोडलं. रशियाला कळवलं होतं, पण ते रडारवाल्यांपर्यंत पोहोचलं नाही. त्यांना ते पाणबुडीतून सुटलेलं अमेरिकी क्षेपणास्त्र वाटलं आणि अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची ब्रीफकेस उघडली गेली. काही मिनिटांत ठिपका समुद्राकडे जातो आहे हे दिसलं आणि प्रकरण निवळलं. भारत-पाकिस्तानने ऑक्टोबर २००५ मध्ये क्षेपणास्त्र चाचणी एकमेकांना आधी कळवायचा करार केला तो याच भीतीतून. आपण २०१६ मध्ये क्षेपणास्त्रांच्या प्रसाराविरुद्धच्या हेग आचारसंहितेतही सामील झालो, तिच्यातही उड्डाण आधी कळवायची अपेक्षा आहे.

अलीकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण तैवानचं. ९ जानेवारी २०२४ ला चीनचं लाँग मार्च रॉकेट एक खगोल-दुर्बीण घेऊन दक्षिण तैवानवरून गेलं. उंची अशी की कोणत्याही व्याख्येने ते अवकाशातच होतं. पण चार दिवसांवर निवडणूक होती. सगळ्या देशाच्या मोबाइलवर इशारा वाजला आणि त्याच्या इंग्रजी मजकुरात उपग्रहाऐवजी चक्क क्षेपणास्त्र असं छापून गेलं. संरक्षण खात्याला माफी मागावी लागली. धोका जवळपास शून्य, कायदा मोडलेला नाही, आणि तरी दोन दिवस बातम्यांना दुसरा विषय नाही.

या राजकारणाचा एक पुरावा तू नाशिकहून उघड्या डोळ्यांनी पाहू शकतोस. संध्याकाळी आकाशातून शांतपणे सरकणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करून फिरतं. रशियनांच्या बैकानूर तळाचा अक्षांश ४६ च्या आत आहे. सरळ पूर्वेला सोडलं असतं तर कोन ४६ आला असता आणि वजन जास्त नेता आलं असतं. पण सरळ पूर्वेला थोडं पुढे चीन आहे, आणि रशियनांना चीनमध्ये टप्पे पाडायचे नव्हते. म्हणून रॉकेट ईशान्येला सोडायची त्यांची जुनी सवय, आणि स्थानकाची कक्षा त्यावरून ठरली. ५ एप्रिल १९७५ ला सोयूझचे टप्पे नीट वेगळे झाले नाहीत आणि लाझारेव्ह व माकारोव्ह या अंतराळवीरांची कुपी अल्ताईच्या डोंगरात बर्फाच्या उतारावर उतरली. आपण चीनमध्ये तर नाही ना पडलो, ही त्या दोघांची खरी धास्ती होती. त्या काळात दोन्ही देशांचे संबंध इतके बिघडलेले होते की ती धास्ती अगदी रास्त होती.

बैकानूर स्वतः कझाकस्तानात आहे आणि रशिया त्याचं वर्षाला ११.५ कोटी डॉलर भाडं देतो. तिथले टप्पे जमिनीवर, गवताळ प्रदेशात पडतात. प्रोटॉन या रशियन रॉकेटमधलं हेप्टिल हे इंधन फार विषारी. १९९९ मध्ये प्रोटॉन कोसळलं तेव्हा कझाकस्तानने काही काळ उड्डाणंच बंद केली. घरमालकाने भाडेकरूला दम भरावा तशी. चीनची गोष्ट वेगळी. त्यांचे शीचांगसारखे जुने तळ देशाच्या आत आहेत, त्यामुळे टप्पे पडतात ते त्यांच्याच गावांवर, आणि गावकऱ्यांच्या चुप्पीला तिथे पर्याय नसतो. हैनान बेटावरचा वेनचांग तळ २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांना पहिल्यांदा मोकळा समुद्र मिळाला.

अमेरिकेला फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरलहून ध्रुवीय दिशेने जायचं तर क्युबा वाटेत. ३० नोव्हेंबर १९६० ला बिघडलेल्या रॉकेटचे तुकडे क्युबात पडले आणि एक गाय मेली. शीतयुद्धाच्या ऐन भरात ती गाय आंतरराष्ट्रीय झाली. त्या तळावरचा तो मार्ग पुढे पार मागे पडला. ३० ऑगस्ट २०२० ला फाल्कन-९ त्या वाटेने गेलं ते बऱ्याच दशकांनी, आणि तेही रॉकेटवरच बसवलेला संगणक ठिपक्यावर नजर ठेवून स्वतः निर्णय घेऊ लागला म्हणून. तरीही १६ जानेवारी आणि ६ मार्च २०२५ ला टेक्सासहून निघालेलं स्पेसएक्सचं स्टारशिप फुटलं तेव्हा कॅरिबियन आणि फ्लोरिडातली विमानं वळवावी लागली, थांबवावी लागली. नव्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणांसाठी इतक्या बेटांच्या मधून जाणारी वाट निवडणं मला पटत नाही. तळ जिथे मिळाला तिथून दुसरी वाट नव्हती हे खरं, पण ती अडचण बेटांवरच्या माणसांनी का सोसायची?

इथवर सगळं वर जातानाचं झालं. वर जाताना मार्ग आपण निवडतो. परत पडताना बहुतेक वेळा कोणीच काही निवडलेलं नसतं, आणि चंद्रपूर त्यातलं आहे.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली. उल्का म्हणाले, विमान म्हणाले, युद्ध म्हणाले. थोड्याच वेळात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग सापडली, आसपास धातूचे गोळेही सापडले. अभ्यासकांनी मार्ग आणि वेळ जुळवून सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च-३बी चा तिसरा टप्पा. काम संपल्यावर तो वर्षभर फिरत राहिला, दर फेरीत वातावरणाच्या वरच्या थरात थोडा थोडा घासत राहिला आणि त्या रात्री खाली आला.

कोणी आधी का सांगितलं नाही, असं तेव्हा सगळे विचारत होते. सांगता येत नाही म्हणून. अशा पडण्याचा अंदाज उरलेल्या वेळेच्या साधारण वीस टक्क्यांनी चुकतो. एक दिवस आधी अंदाज केला तर चूक पाच तास इकडे किंवा तिकडे, आणि तेवढ्यात ती वस्तू पृथ्वीच्या तीन फेऱ्या मारते. नाशिक ते सिंदेवाही सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर. कक्षेतल्या वेगाने हे अंतर दीड मिनिटाच्या आत कापलं जातं. कुठल्या जिल्ह्याला इशारा द्यायचा मग? नोव्हेंबर २०२२ मध्ये लाँग मार्च-५बी चा वीस टनांहून जड गाभा असाच खाली येत होता तेव्हा स्पेनने आकाशाचा एक पट्टा थोडा वेळ बंद केला आणि सुमारे ३०० विमानांना उशीर झाला. तो गाभा पडला प्रशांत महासागरात.

चीनला शिव्या देणं सोपं आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, जुरियन बेजवळ, माणसाहून उंच असा तांबूस नळकांडा वाहून आला. पोलिसांनी तिथे पहारा बसवला. तो पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा असल्याचं दिसून आलं. हा टप्पा कक्षेत जातच नाही, ठरलेल्या चौकोनात समुद्रात पडतो, म्हणजे आपलं गणित चुकलं नव्हतं. कवच मात्र हलकं आणि चिवट असल्याने बुडलं नाही आणि लाटांनी त्याला परदेशात पोहोचवलं. दोन्ही देश मित्र असल्याने प्रकरण गोडीत मिटलं. तोच नळकांडा दुसऱ्या कोणाच्या किनाऱ्याला लागला असता तर पत्रकार परिषदा झाल्या असत्या. आपण आता जुने उपग्रह आणि वरचे टप्पे ठरवून खाली आणायला लागलो आहोत, हे मला या क्षेत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. ७ मार्च २०२३ ला मेघा-ट्रॉपिक्स-१ हा जुना उपग्रह असाच मुद्दाम प्रशांत महासागरात पाडला. त्याच्यासाठी उरलेलं इंधन राखून ठेवलं होतं.

आता तुझं शेत. १९७२ चा दायित्व करार आहे, आणि भारत व चीन दोघेही त्यात आहेत. जमिनीवर झालेल्या नुकसानीसाठी सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार, त्याची चूक सिद्ध करायची गरज नाही. रॉकेट खासगी कंपनीचं असलं तरी जबाबदारी सरकारचीच. आपल्याकडे स्कायरूट आणि अग्निकुल या खासगी कंपन्यांची उड्डाणं सुरू झाली आहेत, त्यांच्या मागे भारत सरकार उभं आहे ते या अर्थानेही. परदेशी उपग्रह आपण नेला तरी जबाबदारीतून आपण सुटत नाही.

पण तू स्वतः बीजिंगला नोटीस पाठवू शकत नाहीस. दावा सरकारने सरकारकडे, राजनैतिक मार्गाने करायचा, आणि तोही नुकसान झाल्यापासून किंवा जबाबदार देश कळल्यापासून एका वर्षात. मोठा दावा झाला तो कॅनडाचा. २४ जानेवारी १९७८ ला रशियाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह तिथे पडला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. म्हणजे किरणोत्सर्गी कचरा वेचायलाही मागितल्याच्या अर्धेच मिळाले. तुझ्या द्राक्षाच्या चार ओळी मोडल्या तर दिल्ली त्यासाठी किती भांडेल, हे त्या वेळी चीनशी बोलणी कशी चालली आहेत यावर ठरेल. म्हणून पंचनामा महत्त्वाचा. तहसीलदार आणि पोलीस यांच्याकडून तारीख, वेळ, जागा, मोडतोड सगळं त्याच दिवशी लिहून घ्यायचं, पिकाचे फोटो वस्तूसकट काढायचे. पंचनामा नसेल तर वर काही सरकत नाही.

आणि वस्तूला हात लावायचा नाही. धातूचे गोळे शाबूत खाली येतात, कारण ते बहुधा टायटॅनियमचे किंवा कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेले असतात. टायटॅनियम १,६०० अंशांच्या वर जाईस्तोवर वितळत नाही. त्यातल्या काहींत हायड्रॅझिन हे विषारी इंधन असू शकतं, ते श्वासातून आणि कातडीतून जातं. वास घेऊन बघायचा नाही, पोरांना त्यावर बसवून फोटो काढायचे नाहीत, भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचं नाही. ती वस्तू सोडणाऱ्या देशाचीच राहते. अंतराळवीर आणि अवकाशातल्या वस्तू परत करण्याच्या १९६८ च्या करारानुसार आपल्या सरकारने त्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांना कळवायचं, त्यांनी मागितली तर परत द्यायची, आणि नेण्याचा खर्च त्यांनी करायचा. मागितली नाही तर ती सहसा पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहते.